सालीचा वास

मृण्मयीच्या वर्गाची सुरुवात नेहमी एकाच वाक्याने व्हायची. "लिंबू एक नसतं," ती म्हणायची, आणि टेबलावर मांडलेल्या वाट्या मुलांपुढे सरकवायची. एका वाटीत नुसता रस असायचा, एकीत किसलेली साल, एकीत सालीखालचा पांढरा भाग. शिवाय चुरगळलेली लिंबाची पानं, गवती चहा आणि खारवलेल्या लिंबाची एक फोड.

हैदराबादेत, माधापूरच्या त्या संस्थेत मोठ्या हॉटेलांत वाइन वाढायचं काम करू पाहणारी मुलं-मुली यायची. त्यांच्या पुस्तकात छापलेलं असायचं की अमुक वाइनला लिंबाचा वास येतो. पण पुस्तकातलं लिंबू पिवळं, जाड सालीचं, परदेशातलं. मुलांनी जन्मभर हुंगलेलं ते कागदी लिंबू. म्हणून मृण्मयी दोन्ही आणायची, आणि मुलांना डोळे मिटायला लावायची.

"मॅडम, ये तो बर्तन का साबुन है," एक मुलगी पिवळ्या सालीची वाटी नाकाशी धरून म्हणाली. वर्ग हसला. मृण्मयीही हसली. इथे हसायचं असतं हे तिला बरोबर कळायचं.

"चूक नाही तुझं," ती म्हणाली. "साबणवालेही सालीतलंच तेल वापरतात. लिंबाचा वास सालीत असतो. रसात असतो तो मुख्यतः आंबटपणा. नाक दाबून लिंबू चाखून बघा, नुसतं आंबट लागेल. चिंच की लिंबू, सांगता येणार नाही."

मुलांनी नाकं दाबली, चाखलं, आणि ती थक्क झाली. मग तिने नाशिककडची एक पांढरी वाइन ग्लासांत ओतली. स्वतः ग्लास फिरवून नाकाशी नेला. हिरव्या लिंबाची साल, कापलेलं गवत, मागून जराशी ढोबळी मिरची. सगळं जागच्या जागी होतं. तिच्यासारखं नाक या शहरात फार थोड्या लोकांचं होतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ते अजूनही तसंच होतं. फक्त त्या वासांचं पुढे काही होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ आपलाच असतो, हाताला लागतो, पण आपला वाटत नाही. तसं तिचं सगळंच झालं होतं.

ओंकार गेला त्याला वर्ष होत आलं होतं. एक्केचाळीस वय. रविवारची संध्याकाळ, छातीत कळ, दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपलेला. विचारणाऱ्यांना ती एवढंच सांगायची आणि त्यांना एवढं पुरायचं.

ती अजून सासू-सासऱ्यांजवळ तारनाक्यालाच राहत होती. पुण्याहून आईचा फोन यायचा, "कधी येतेस कायमची?" मृण्मयी म्हणायची, "बघू." जायचं नव्हतं असं नाही, राहायचं होतं असंही नाही. जायचं ठरवायला आधी काहीतरी वाटावं लागतं. संस्थेतून सुटली की ती मेट्रोत बसायची, तारनाक्याला उतरायची, जिना चढायची, हातपाय धुऊन ताटावर बसायची. दिवस असा एकावर एक पडत गेला.

घरात सासरे एकनाथराव आणि सासूबाई भाग्यलक्ष्मी. एकनाथरावांचे वडील निजामाच्या राज्यात लातूरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले, ते इथलेच झाले. एकनाथराव रेल्वेत लागले, रेल्वेतूनच निवृत्त झाले. या घरातल्या मराठीत दखनी आणि तेलुगू इतकी मिसळली होती की लग्नानंतर पहिले काही महिने मृण्मयीला हसू आवरायचं नाही. 'हो'ला 'हौ', 'नको'ला 'नक्को'. ओंकार तिला मुद्दाम चिडवायला तसं बोलायचा.

भाग्यलक्ष्मीबाईंचं वरण आंबट व्हायला लागलं ते पावसाळ्यात कधीतरी. आधी जरासं, मग दात आंबतील इतकं. त्या पूर्वीपासून वरणावर लिंबू पिळायच्या, पण आता एका भांड्यात चार-चार लिंबं जाऊ लागली. त्यानंतर दूध लागल्याचा वास असलेली खीर आली. फोडणी करपलेली कढी आली. एकनाथरावांनी पंचेचाळीस वर्षं, वरणात मीठ कमी आहे, भाकरी जाड आहे, म्हणून ताटं सरकवली होती. तेच एकनाथराव आता रोज जेवण झाल्यावर म्हणायचे, "छान झालं होतं."

आणि मृण्मयी? तिला पहिल्या घासाला सगळं कळायचं. काय बिघडलंय, किती बिघडलंय, कशामुळे. वर्गात परीक्षेच्या वेळी ती मुलांच्या ग्लासातले दोष जसे मनात टिपून घ्यायची तसंच ताटातलंही टिपलं जायचं. मग ती दुसरा घास घ्यायची. ताट स्वच्छ करून उठायची.

वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशीचा स्वयंपाक गुरुजींनी आणलेल्या आचाऱ्याने केला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, राहिलेल्या पाहुण्यांसाठी, भाग्यलक्ष्मीबाईंनी हट्टाने स्वतः वरण आणि निंबाचा भात केला; लिंबाच्या भाताला या घरात तेच नाव होतं. ओंकारला तो फार आवडायचा. पिवळाधमक, वर शेंगदाणे, लाल मिरच्या, कढीपत्ता. दिसायला भात अगदी नेहमीसारखा झाला होता.

एकनाथरावांची धाकटी बहीण कुसुमताई दिलसुखनगरहून आलेली होती. चारपाच जवळचे नातेवाईक होते. सगळे खाली पंगतीत बसले. मृण्मयीने पहिला घास घेतला. तेल खवट होतं. शेंगदाणे त्याहून खवट. जिभेच्या मागे जुन्या रंगाच्या डब्यासारखी चव रेंगाळत होती. तिने मान वर करून पाहिलं. सगळे खात होते. एक काका म्हणाले, "वहिनी, भात झकास." दुसऱ्यांनी हूं म्हटलं. एकनाथराव खाली बघून भराभर चावत होते. मृण्मयीने दुसरा घास घेतला.

कुसुमताईने मात्र हात थांबवला.

"वहिनी, तेल खराब झालंय हो," ती म्हणाली. "दाणे पण. कुणाला कळंना का?"

तिने एकेकाच्या ताटाकडे पाहिलं.

"सगळे गपचूप खायलेत. काय झालंय तुम्हाला?"

"कुसुम, तू गप बस," एकनाथराव म्हणाले.

"का गप बसू दादा? माझ्या भाच्याच्या नावानं केलेलं अन्न आहे. हे असं खाऊ घालायचं का लोकांना? पोटं बिघडतील."

भाग्यलक्ष्मीबाई वाढायचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते भांडं तोंडाजवळ नेलं आणि खोल श्वास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, अधिक जोराने. मग भांडं खाली ठेवलं आणि कुसुमताईकडे नाही, मृण्मयीकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात दोघीच होत्या.

"तुला कळलं होतं?"

"हो," मृण्मयी म्हणाली.

"कधी?"

"पहिल्या घासाला."

"आणि ते वरणाचं? वन्सं जाताना म्हणाल्या, वरण पण तोंडात धरवंना."

"ते बरेच दिवस आंबट होतंय, आई. दसऱ्याच्याही आधीपासून."

भाग्यलक्ष्मीबाई ओट्याला टेकल्या. "मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "आषाढात ताप आला होता बघ, तेव्हापासून. आधी वाटलं रडून रडून नाक चोंदलंय. मग नाक मोकळं झालं तरी काहीच येईना. उदबत्ती नाही, फोडणी नाही, काही नाही. लिंबू पिळायची, लिंबाचा वास येईना, म्हणून अजून पिळायची."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरगा गेला त्या घरात मी नाकाचं गाऱ्हाणं सांगत बसू? मी तुमच्या तोंडाकडे बघून सैपाक करायले इतके महिने. हे म्हणतात छान झालंय. यांचं सोड. पण तू? तू तर वासाचीच मास्तरीण. तू ताटातलं संपवतीस, म्हणजे बरंच झालं असणार, असं धरून चालले मी. तू तरी सांगायचंस."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल," असं मृण्मयी म्हणणार होती. वाक्य तोंडापर्यंत आलंही. पण ते खरं नव्हतं, आणि खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते.

"मला काही फरकच पडत नव्हता, आई," ती म्हणाली. "आंबट असलं काय, खवट असलं काय. समोर आलं, खाल्लं."

भाग्यलक्ष्मीबाई ओट्यापासून सरळ झाल्या.

"माझ्या हातचं म्हणून?"

"नाही. कुणाच्याही हातचं."

सासूबाईंनी तेलाचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवला. मग हात धुतले आणि आपल्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवीनात. चहा मृण्मयी करायची, भात कुकरला एकनाथराव लावायचे, आणि भाजी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या करी पॉइंटवरून, म्हणजे तयार भाज्यांच्या दुकानातून, यायची, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रबर लावून. टमाटा पप्पू म्हणजे टोमॅटोचं वरण, वांग्याची भाजी, रस्सम. एकनाथराव पिशव्या कात्रीने कापून वाटीत ओतायचे. तिघं जेवायची. भाग्यलक्ष्मीबाई आता विचारत नसत कसं झालंय म्हणून, आणि एकनाथरावांना छान झालंय म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं.

कोठी भागातल्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे मृण्मयीच त्यांना घेऊन गेली. तिला त्यात माया वगैरे वाटत होती असं नाही. बिघडलेल्या नाकाचं काय करायचं असतं हे घरात तिलाच माहीत होतं, इतकंच. डॉक्टर म्हातारे होते, घाईत नव्हते. त्यांनी नळी घालून तपासलं, कागद पाहिले आणि दखनीत समजावलं की तापाने वासाची नस दुखावली आहे. औषध असं काही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे, लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी. डोळे मिटून, मन लावून.

"आया तो आया अम्मा, नहीं तो नहीं," ते म्हणाले. "लेकिन कोशिश करना पड़ता."

मृण्मयीकडे वर्गासाठी केलेल्या अर्कांच्या छोट्या बाटल्या होत्याच. त्यातल्या चार तिने घरी आणल्या. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर दोघी गॅलरीत बसायच्या. कापसाचा बोळा बुडवून ती सासूबाईंच्या नाकाखाली धरायची.

"डोळे मिटा. लिंबू आठवा."

"आठवायलंय. येत नाही."

"काय आठवतंय ते सांगा."

"तू सांग आधी. तुला तर येतोय ना वास."

मृण्मयी सांगायची. वरचा, हलका, चटकन उडून जाणारा. किंचित तेलकट. हिरव्या देठासारखी मागे एक कडवट रेघ.

"हे काय पुस्तकातलं बोलायलीस," भाग्यलक्ष्मीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "उन्हातून आलं, सरबताचा पेला तोंडाला लावला, की पिण्याच्या आधीच आत काहीतरी मोकळं होतं बघ. तसा असतो लिंबाचा वास."

मृण्मयीने बोळा स्वतःच्या नाकाशी नेला. हिरवी साल. तेलकट. कडवट रेघ. आत काही मोकळं झालं नाही. तिने बाटलीला बूच लावलं आणि लवंग घेतली.

पंधरवडा असा गेल्यावर एका सकाळी भाग्यलक्ष्मीबाई आपण होऊन स्वयंपाकघरात शिरल्या. पिशवीतल्या भाज्यांना कंटाळल्या होत्या. "मी करते," त्या म्हणाल्या, "पण आता तोंडाकडे बघून नाही करणार. तुम्ही खरं सांगायचं. बिघडलं तर बिघडलं म्हणायचं." एकनाथरावांनी मान डोलावली. मृण्मयीनेही.

सुट्टीच्या दिवशी त्या दोघी मिळून करायच्या. सासूबाई हाताने, मृण्मयी नाकाने. मोहरी तडतडली हे त्यांना कानाने कळायचं, दाणे भाजले गेले हे रंगावरून. पण हिंग पडला की नाही, जिरं करपायला आलं का, हे मृण्मयी सांगायची. तिने त्यांना दाखवलं की थोडी साल किसून शेवटी घातली तर रस कमी पुरतो आणि आंबटपणा वाढत नाही.

"आणि आचेवर लिंबू पिळायचं नाही," ती म्हणाली.

"ते तू मला शिकवायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं हातावर उलथनं मारलं होतं त्यासाठी. भात उतरवून, जरा निवला की मग." त्या रागावल्या होत्या की नव्हत्या, मृण्मयीला कळलं नाही. पण त्या दिवशीचं वरण ठीक झालं होतं.

मग चैत्रातला एक रविवार आला. मृण्मयीला सकाळी संस्थेत जावं लागलं. हॉटेलांच्या माणसांसाठी एक लहानसा कार्यक्रम होता, कुठल्या माशाबरोबर कुठली वाइन. ती दुपारी परतली तेव्हा ताटं मांडलेली होती. भाग्यलक्ष्मीबाईंनी एकटीने निंबाचा भात केला होता. वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. नवं तेल, नवे दाणे. सालही किसून घातली होती.

एकनाथरावांनी घास घेतला. मृण्मयीने घेतला. साल फार खोल किसली गेली होती. पांढरा भाग आला होता आणि सगळा भात कडू झाला होता, गिळवेना इतका.

"कसा झालाय?" भाग्यलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"छान झालाय," एकनाथराव म्हणाले.

मृण्मयीने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याचा तांब्या उचलत होते.

"बाबा, कडू झालाय," ती म्हणाली.

"असू दे ग. मला चांगला लागतोय."

"चांगला लागत नाहीये."

"अगं, जरासं इकडंतिकडं होतंच की…"

"खोटं बोलू नका!"

आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. या घरात ती कधी वरच्या आवाजात बोलली नव्हती. थांबायला हवं हे तिला कळत होतं, पण तोंड थांबेना.

"सगळे असंच बोलतात या घरात. छान झालंय. काही नाही झालं. बरं वाटतंय. तोही असंच म्हणाला होता. तुम्ही निजामाबादला लग्नाला गेला होतात. सोफ्यावर बसला होता छाती चोळत. म्हणाला, काही नाही, ॲसिडिटी आहे, लिंबू-सोडा दे. मी करून दिला. अर्धा ग्लास प्यायला आणि म्हणाला, बरं वाटतंय आता. मी कपाळाला हात लावला तर घामाने ओलं होतं. तरी मी विश्वास ठेवला. गच्चीवर कपडे आणायला गेले. बरं वाटतंय म्हणाला ना! मी गच्चीवर कपड्यांच्या घड्या घालत होते, बाबा."

रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. मृण्मयीने हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. पण छातीत काहीतरी भाजत होतं, आणि ते तिचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

एकनाथरावांनी तांब्या खाली ठेवला. ताट हाताने पुढे सरकवलं, पूर्वी सरकवायचे तसं.

"कडू झालाय," ते म्हणाले. "लई कडू. गिळवंना मला."

मग ते उठले, मोरीकडे गेले, आणि बराच वेळ नळ सुरू राहिला.

भाग्यलक्ष्मीबाई ताटाशीच बसून होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"अर्धं पिळलं होतंस का आख्खं?" त्यांनी विचारलं.

मृण्मयीला आधी कळलंच नाही. "काय?"

"सोड्यात. लिंबू."

"अर्धं." ती थांबली. "नाही. एक आख्खं. लहान होतं, रस कमी निघाला."

"मीठ?"

"काळं मीठ. आणि आलं किसून, थोडंसं."

"ग्लास कोणता घेतला?"

"स्टीलचा."

"हौ. त्याला काचेचा नाही चालायचा. लहान होता तेव्हापासून. स्टीलचा पेला गालाला लावायचा आधी, मग प्यायचा."

"लावला होता," मृण्मयी म्हणाली. "गालाला लावला होता."

वर्षभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. दवाखाना कोणता, डॉक्टर काय म्हणाले, ॲम्ब्युलन्स किती वेळाने आली, हे सगळ्यांनी विचारलं. लिंबू किती पिळलं हे त्याच्या आईने विचारलं. मृण्मयी सांगत गेली. पिळलेली फोड त्याने हातातून मागून घेतली होती आणि साल दुमडून नाकाशी धरली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. ती गच्चीवरून खाली आली तेव्हा पेला जमिनीवर होता, आडवा नाही, नीट ठेवलेला. भाग्यलक्ष्मीबाई मधेमधे विचारत राहिल्या. उशी होती का पाठीशी? पंखा चालू होता का? मृण्मयीला आठवलं ते तिने सांगितलं, आठवत नव्हतं तिथे आठवत नाही म्हणाली.

सगळं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तोंड कोरडं नव्हतं त्याचं."

"नाही."

"तहानलेला नाही गेला."

"नाही, आई."

"मग ठीक," असं त्या म्हणाल्या. त्यात ठीक काहीच नव्हतं हे दोघींना ठाऊक होतं. त्यांनी तिन्ही ताटांतला भात एका भांड्यात काढला. मृण्मयीने ताटं उचलली. शेवटी एकनाथरावच दही आणि केळी घेऊन आले, कुकरला साधा भात लावला, आणि तिघांनी दहीभात खाल्ला.

त्यानंतर घरात फार काही बदललं असं बाहेरच्या कुणाला वाटलं नसतं. मृण्मयी मेट्रोने जायची, मेट्रोने यायची. पुष्कळ दिवस तसेच जायचे, हाताला न लागता. पण मधेच, काही कारण नसताना, तिला वर्गात एखाद्या मुलाचा राग यायचा, किंवा भूक लागायची, खरी, पोटात खड्डा पडणारी. पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा ती "बघू" म्हणाली नाही. "मे महिन्यात पंधरा दिवस येते, पण परत इकडे यायचंय," असं म्हणाली. आई रडली. मृण्मयीने फोन कानाशी धरून ठेवला.

एकनाथराव मात्र पूर्ववत झाले. मीठ कमी आहे, पोळी कच्ची आहे, असं रोज काही ना काही निघायचं. भाग्यलक्ष्मीबाई त्यांच्याशी भांडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं.

आषाढ लागायच्या सुमारास भाग्यलक्ष्मीबाईंना एका सकाळी लवंग कळली. अंधूक, भिंतीपलीकडून आल्यासारखी, पण कळली. गुलाब उलटाच यायला लागला, जळक्या वायरीसारखा, आणि त्या बाटलीला त्यांनी हात लावायचं सोडलं. निलगिरी यायची-जायची. लिंबू काही आलं नाही. कोठीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला तपासून सांगितलं की नस जागी होते आहे, वास उलटसुलट येणं हेही चांगलंच लक्षण आहे. लिंबू येईल, किंवा यायचंही नाही.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर भाग्यलक्ष्मीबाई फुटपाथवरच्या एका हातगाडीशी थांबल्या. बारीक पाऊस होता. गाडीवर लिंबांचा ढीग, वर निळं प्लॅस्टिक.

"कितने को दिए?" त्यांनी विचारलं, आणि भाव ऐकून, "अरे लूट रहे क्या मियाँ," असं म्हणून एक लिंबू उचललं. अंगठ्याने दाबून पाहिलं, साल पातळ होती, रस भरपूर होता. मग त्यांनी ते मृण्मयीपुढे धरलं.

"बघ ग."

मृण्मयीने नखाने साल जराशी ओरखडली आणि लिंबू नाकाशी नेलं. गाडीवाला कौतुकाने बघत होता.

"रस आहे, वास नाही, आई," ती म्हणाली. "बरेच दिवस थंडीत ठेवलेलं दिसतंय."

"मग नक्को," भाग्यलक्ष्मीबाईंनी लिंबू ढिगावर परत ठेवलं, छत्री उघडली, आणि दोघी पुढच्या गाडीकडे चालू लागल्या.